कमलआत्यानं बघितलेलं जर्मनीचं स्थळ

ईट गावातल्या पिठाच्या गिरणीत पहिल्यांदा कुजबूज झाली ती अशी: "कमलआत्यानं रणधीर खवेवाल्याची पोरगी जर्मनीतल्या म्हाताऱ्याला दिली म्हणं!"

आता गिरणीत कुजबुजायचं म्हणजे पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून ओरडावंच लागतं. त्यामुळं ही कुजबूज गहू घेऊन आलेल्या सगळ्या बायांनी ऐकली, बाहेर बाकड्यावर बसलेल्या रिकामटेकड्यांनी ऐकली, आणि समोर उभ्या असलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनंही ऐकली. मग काय विचारता! गिरणीत म्हातारा साठीचा होता. भूमला पोचेस्तोवर पंच्याहत्तरीचा झाला. वाशीत त्याचे दात गेले. बार्शीत पोचला तेव्हा त्याला चाकांच्या खुर्चीत बसवलेलं होतं. गंमत बघा, एवढी फिरून गेलेली बातमी, पण त्यातल्या त्यात बार्शीवाल्यांचीच खऱ्याच्या जवळ होती.

पण म्हाताऱ्याकडं जायच्या आधी आत्याकडं जावं लागेल. आत्याला ओलांडून ईटमध्ये कुणाचं लग्न झालेलं नाही, मग बातमी तरी कशी पुढं जाईल?

कमलबाई नात्यानं रणधीरची आत्या, पण अख्खं गाव तिला आत्याच म्हणतं. सत्तरी गाठलेली, अंगानं सुपारीएवढी, आवाजानं तोफ. डाव्या कानानं ऐकू येत नाही. आणि देण्याघेण्याची गोष्ट निघाली की समोरच्याकडं नेमका डावा कान करते. धंदा म्हणाल तर सोयरिकी जुळवणं. मंडपात आहेराची साडी मिळते, मधल्या पंगतीला मान मिळतो, बस्स.

आत्याची स्थळ बघायची रीत वेगळी. मुलाच्या घरी ती कधी सांगून जात नाही. भर दुपारी, माणसं पेंगत असताना दार वाजवते, तांब्याभर पाणी मागते, आणि पाणी पिऊन झालं की "हात धुते" म्हणून थेट मागच्या दाराला जाते. मोरी बघते, सरपण बघते, खरकटी भांडी बघते, आणि मागं कुणी सून बसलेली असलीच तर तिचं तोंड बघते. "पुढल्या दारी घर दिसतं, मागल्या दारी माणसं दिसत्यात," हे तिचं ठरलेलं वाक्य. तिनं जुळवलेलं लग्न आजवर मोडलेलं नाही. परंड्याकडचं एक जोडपं बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नाही, पण एकाच छपराखाली राहतं, म्हणून ते मोडल्यात धरत नाहीत.

तर अशा आत्यानं रणधीरच्या अर्पितासाठी बार्शीचं स्थळ आणलं होतं. मुलगा शंभू, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान, मागलं दार स्वच्छ. रणधीर खूश. त्याची बायको राजेश्वरी निम्मी खूश, कारण बार्शी एस.टी.च्या टप्प्यात. फक्त अर्पितानं अजून होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही.

अर्पिता धाराशिवला बी.एस्सी. करून परत आली होती आणि वर्षभर खव्याच्या भट्टीमागच्या खोलीत मोबाईलवर काहीतरी शिकत होती. घरातल्या सगळ्या वस्तूंना तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. कढईला चिठ्ठी, दाराला चिठ्ठी, पिठाच्या डब्याला चिठ्ठी, आणि एक म्हशीच्या शिंगाला. म्हशीनं ती दोनदा खाल्ली, पोरीनं तिसऱ्यांदा लावली. आत्याला वाचता येत नाही. तिनं त्या चिठ्ठ्या बघितल्या आणि तिचा ऊर भरून आला.

"रुखवताच्या भांड्याला आतापासनंच नावं घालायला लागलीस व्हय गं? गुणाची हाय!" आत्या म्हणाली. "पर म्हस बी देतो का रणधीर?"

"रुखवत न्हाई ते, आत्या," अर्पिता म्हणाली. "जर्मन भाषेतले शब्द हैत. पाठ व्हावेत म्हणून."

"ते कशापायी?"

पोरीनं आधी बाहेर बघितलं. रणधीर भट्टीवर होता, खवा आटत आला होता. अशा वेळी तो कढई सोडून बापालाही भेटायला येत नाही. मग तिनं आत्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"आत्या, एक विचारू? तुम्ही पोरीसाठी स्थळ बघताना एकच बघता, का चार बघून ठरवता?"

"एकच बघून ठरविणाऱ्याला दलाल म्हणत्यात. म्या दलाल हाय का?"

"मग माझ्यासाठी एकच कसं काय बघितलं?"

आत्या पेचात पडली. तिच्या आयुष्यात अशा वेळा फार आल्या नाहीत, म्हणून इथं नोंद केली.

"दुसरं कंचं हाय तुझ्या ध्यानात?" तिनं आवाज खाली आणून विचारलं, म्हणजे फक्त शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल एवढा.

"जर्मनी."

"मुलगा काय करतो?"

"मुलगा न्हाईच, आत्या. नुसतं स्थळ. तिकडं जाऊन शिकायचं."

आत्यानं पदर सावरला. इतक्या सोयरिकी केल्या, पण मुलगाच नसलेलं स्थळ कधी आलं नव्हतं. तिनं थोडा विचार केला. "मुलगा न्हाय म्हंजे निम्मी भांडणं आधीच मिटली की," ती म्हणाली. "बघाय काय हरकत हाय?"

रणधीरच्या कानावर घातलं तेव्हा त्यानं हातातलं उलथनं तसंच वर धरलं. "आत्या, तुम्हीच बार्शीचं आणलंत आन् तुम्हीच हे काय काढलंत?"

"खवा घ्यायला गिऱ्हाईक येतं, ते एका भट्टीवर घेतं का रे? तळहातावर चोळून, तूप सुटतं का बघून, मगच घेतं न्हवं?"

खव्याचा दाखला दिला की रणधीरचं तोंड बंद होतं, हे आत्याला ठाऊक. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं. पर तुळशीचं लग्न लागायच्या आत ठरलं तर ठरलं. न्हाईतर बार्शीची सुपारी फोडायची. मग हिनं रडायचं न्हाई आन् तुम्ही माघार घ्यायची न्हाई."

अर्पितानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत एकाच वेळी आनंद आणि पोटदुखी असं दोन्ही दिसत होतं.

त्याच महिन्यात धाराशिवला परदेशी शिक्षणाचा मेळावा होता, आणि तो होता मंगल कार्यालयात. आत्याला वाटलं, हे आपल्यासाठीच ठेवलंय. ती ठेवणीतलं इरकल नेसून, पिशवीत पानाचा डबा घेऊन, अर्पितासोबत भूमला एस.टी. बदलून धाराशिवला उतरली. कार्यालयाच्या स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाचे थर्माकोलचे खांब तसेच उभे होते. 'शुभविवाह' या अक्षरांवर कापडी फलक ताणला होता, पण वाऱ्यानं तो उडाला की खालचं 'शुभ' डोकावायचं. दारात एक मुलगी सरबत आणि पेन वाटत होती.

"आमी मुलीकडचे," आत्यानं तिला सांगितलं. "जेवण कुठल्या अंगाला हाय?"

जेवण नव्हतं. आत्यानं तिथंच मेळाव्याचे निम्मे गुण कापले.

पहिल्या टेबलावर टाय लावलेला एक तरुण डॉक्टरकीचं सांगत होता. जॉर्जिया नावाचा देश, सहा वर्षं शिकायचं, फी आपल्या खासगी कॉलेजांपेक्षा कमी. आत्यानं खुर्ची ओढून घेतली.

"आन् शिकून आल्यावर?"

"आल्यावर आजी, इथं भारतात एक परीक्षा द्यावी लागते. ती पास झालं की मग प्रॅक्टिस."

"म्हंजे लगीन तिकडं लावायचं आन् हिकडं आल्यावर परत लावायचं?"

तरुणानं टाय सैल केला. आत्या पुढच्या टेबलाकडं वळली. तिथं लंडनच्या बाजूची एक वर्षाची पदवी होती; पत्रकावर घड्याळाचा मनोरा, हसणारी पोरं, आणि फीचा आकडा एवढ्या बारीक अक्षरांत की तो वाचायला अर्पिताला पत्रक नाकाला लावावं लागलं. आकडा ऐकून आत्या म्हणाली, "वरात लई मोठी, संसार लहान." कॅनडाच्या टेबलावरचा माणूस सारखा "पुढं तिकडंच राहता येतं, तिकडंच राहता येतं" म्हणत होता. आत्यानं त्याला विचारलं, "तुमी का न्हाई ऱ्हायला?" त्यावर त्याला अचानक फोन आला.

इंग्रजीच्या क्लासवाल्या बाई मात्र धीराच्या होत्या. त्यांनी समजावलं की इंग्रजीतून शिकायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी आधी भाषेची परीक्षा मागतात, तिचे गुण बघूनच पुढचं बोलणं होतं.

"म्हंजे पत्रिका," आत्या म्हणाली.

"तसंच काहीसं. पण तिचे गुण दोन वर्षांनी बाद होतात. मग परत द्यायची."

"दोन वर्साला पत्रिका बदलती?" आत्यानं कपाळावर हात मारला. "त्यो जोशी लई कमावत असंल!"

कोपऱ्यात, जिथं लग्नात आईस्क्रीमचा काउंटर असतो तिथं, एक छोटं टेबल होतं. त्यामागं मुलींना जर्मनीला पाठवायचं काम करणारी, आरोही नावाची लातूरची मुलगी एकटीच बसली होती. अर्पिता तिला मोबाईलवरून ओळखत होती. या मेळाव्याला यायचं खरं कारण तीच होती. आत्यापुढं आरोहीनं सरळ सांगून टाकलं, "आजी, जर्मनीत तीन वर्षांचं प्रशिक्षण असतं. काही आठवडे वर्गात, काही आठवडे प्रत्यक्ष कामावर. शिकतानाच महिन्याला पैसे मिळतात. पण भाषा आधी शिकून, तिची परीक्षा देऊन जावं लागतं. हिनं दिलीय, पास आहे. काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांची सेवा. त्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, कपडे बदलायचे. थंडी भयंकर. पहिले सहा महिने बऱ्याच मुली रडतात."

आत्या तिच्याकडं बघतच राहिली. अवगुण आधी सांगणारं स्थळ तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं.

"हुंडा किती?"

"फी नाही. भाषेच्या क्लासचा आणि तिकिटाचा खर्च तेवढा तुमचा."

इथं आत्याला संशय आला. हुंडा नको म्हणणाऱ्या मुलाच्या एकतर पायात खोट असते, नाहीतर डोक्यात. "मला मागलं दार बघितल्याबगार पोरगी द्यायची न्हाय," ती म्हणाली.

आरोही हसली. "दसरा झाला की तिकडच्या एका वृद्धाश्रमाची माणसं हिची व्हिडिओवर मुलाखत घेणार आहेत. तेव्हा दोन्हीकडची माणसं एकमेकांना बघतील."

"म्हंजे बघायचा कार्यक्रम."

"हो, तसंच समजा," आरोही म्हणाली.

बिचारी लातूरची. ईटच्या आत्याला 'तसंच समजा' म्हटल्यावर काय होतं, हे तिला कुठून ठाऊक असणार?

मुलाखतीच्या दिवशी रणधीरच्या घराला सकाळपासून शेणाचा सडा, दारात रांगोळी. भट्टीला सुट्टी. अर्पिताला आत्यानं जांभळी साडी नेसवली, डोक्यावर पदर दिला, आणि तालीम घेतली: "मान खाली. इचारलं तेवढंच बोलायचं. आवाज नाकातनं न्हाय, घशातनं न्हाय, हळू. दात दाखवायचे न्हाईत."

"आत्या, तसलं न्हाई हो हे! ते मला प्रश्न विचारणार, मी नीट बघून बोलायला पाहिजे—"

"कितीजणींचं जुळवलंय म्या? तुझं कितवं हाय?"

"पहिलंच."

"मग गप."

अर्पिता गप झाली. बापानं शब्द दिला होता तो 'आत्या म्हणतील तसं' असा. आत्या रुसली तर जर्मनी गेली आणि बार्शी आली, एवढा हिशोब तिला येत होता.

घरात इंटरनेट धड नव्हतं, म्हणून स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओतून झुबेर लॅपटॉप आणि आपलं इंटरनेटचं यंत्र घेऊन आला. झुबेर ईटमधल्या सगळ्या मुलींचे 'स्थळाचे फोटो' काढतो. त्यानं भिंतीकडं बघितलं आणि नाराजीनं मान हलवली. भिंतीला दोरीवर कणसं टांगलेली, शेजारी खव्याची मोठी कढई उलटी उभी केलेली.

"आत्या, पडदा लावू का मागं? ताजमहाल हाय, बाग हाय, बर्फाचा डोंगर हाय."

"बर्फाचा लाव. त्यास्नी घरच्यावानी वाटंल."

तर असा बर्फाचा डोंगर लागला. त्याच्या पुढं अर्पिता. तिच्यापुढं टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपशेजारी पोह्यांच्या बशा आणि घरच्या खव्याच्या पेढ्यांचं ताट. एका बाजूला सतरंजीवर टोपी घातलेला रणधीर आणि भावकीतले तीन पुरुष, कारण बैठकीला चार पुरुष नसले तर ती बैठक कसली? राजेश्वरी दाराआड. आणि अर्पिताच्या उजव्या हाताला, मध्यस्थाच्या जागी, आत्या.

दुपारची जेवणं उरकली होती, तिकडं तेव्हा सकाळ होती. पडद्यावर एक चष्मेवाल्या बाई आल्या. त्या हाइनमान बाई, वृद्धाश्रमाच्या मुख्य. त्यांच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत एक लांब नाकाचे, पांढरे केस उभे राहिलेले आजोबा. हे ब्रुगमान आजोबा तिथं राहणारे. नवीन येणारी मुलगी आपल्याला उठवणार-बसवणार, तर आपण तिला बघायला नको का, असा हट्ट धरून ते येऊन बसले होते.

"ह्यो सासरा," आत्या रणधीरला म्हणाली. झुबेरनं तोंडावर रुमाल धरला.

हाइनमान बाईंनी नमस्कार-चमत्कार केले आणि जर्मनमध्ये विचारलं, "तुम्ही डोंगरात राहता का? मागं एवढं बर्फ दिसतंय."

अर्पिता मान खाली घालून पुटपुटली, "नाही. पडदा आहे."

"ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं बोला. आणि कॅमेऱ्याकडं बघा."

अर्पितानं डोळे वर केले, आत्यानं कोपरानं ढोसलं, डोळे परत खाली गेले. बाईंनी विचारलं, हे काम का शिकावंसं वाटतं. पोरीनं हे उत्तर महिनाभर पाठ केलं होतं, म्हशीलाही ऐकवलं होतं. पण खाली मान घालून, दात न दाखवता जर्मन बोलून बघा एकदा. पहिलं वाक्य अर्ध्यातच तुटलं, दुसरं आलंच नाही. हाइनमान बाईंनी प्रश्न परत विचारला. परत तेच. अर्पिताचे कान लाल झाले, हातातला पदर पिळून दोरीसारखा झाला.

आत्याला जर्मनचं अक्षर कळत नव्हतं, पण बैठक कळत होती. मुलाकडच्यांनी घड्याळाकडं बघितलं की स्थळ गेलं, हे तिला अनुभवानं माहीत. आणि हाइनमान बाईंनी आत्ताच मनगटाकडं बघितलं होतं. आजोबांनी तर जांभई दिली.

तिनं शेजारी बघितलं. पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब लोंबत होता.  आत्याला बार्शीचं मागलं दार आठवलं. ते स्वच्छच होतं, पण ही पोरगी तिथं उभी असलेली तिला काही केल्या दिसेना.

बैठक बुडायला लागली की आत्या एकच करते: मध्ये पडते.

"ओ बाई!" ती लॅपटॉपवर ओरडली. "म्या मुलीकडची. मला दोन गोष्टी इचारायच्या हैत. अर्पिता, सांग तिला."

"आत्या, नको ना!"

"सांग!"

अर्पितानं डोळे मिटून सांगितलं. हाइनमान बाईंनी चष्मा वर सरकवला आणि "विचारा," म्हणाल्या.

"तुमच्याकडं आधी आलेल्या पोरींतल्या किती पळून गेल्या?"

हे भाषांतर करताना अर्पिताचा पदर डोक्यावरून घसरला. बाईंनी दोन बोटं वर केली आणि म्हणाल्या, "दोघी. एकीला थंडी सोसली नाही. दुसरीचं माझ्याशी पटलं नाही."

"का पटलं न्हाय?"

"मी शिस्तीची आहे."

"खरं बोलती," आत्या रणधीरला म्हणाली.

एवढ्यात ब्रुगमान आजोबा खुर्चीत पुढं वाकून गरजले, "ती म्हातारी काय म्हणते?" त्यांनाही एका कानानं ऐकू येत नव्हतं.

"त्यो म्हातारा काय म्हणतो?" इकडून आत्या गरजली.

झालं! दोन तोफांच्या मध्ये पोरगी सापडली. आजोबांना ओरडून जर्मनमध्ये, आत्याला ओरडून मराठीत, मध्येच हाइनमान बाईंना हळू आवाजात, आणि परत आजोबांना, कारण त्यांनी दुसराच कान पुढं केलेला. मान खाली ठेवायला सवडच नव्हती. पाठ केलेलं सगळं उडून गेलं आणि वर्षभर भट्टीमागं शिकलेलं होतं ते तोंडातून आपसूक यायला लागलं. एका वाक्याला ती चुकली, स्वतःच हसली, दात दिसले, आणि परत नीट करून बोलली.

"ताटात काय आहे?" आजोबांनी विचारलं.

"पेढे. आमच्या घरच्या खव्याचे."

"गोड?"

"खूप गोड."

"मला इथं गोड देत नाहीत!"

"त्यांना मधुमेह आहे," हाइनमान बाई म्हणाल्या.

"खोटं बोलते ती!" आजोबा म्हणाले.

भाषांतर ऐकून आत्या खवळली. "म्हाताऱ्या माणसाला गोड देत न्हाईत? घर कंजूस दिसतंय! इचार तिला!"

अर्पितानं ते विचारलं नाही. ती लॅपटॉपजवळ सरकली आणि आजोबांना, एकेक शब्द सावकाश, मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, पेढा मी आले तरी तुम्हाला मिळणार नाही. पण तो कसा करतात ते रोज सांगेन." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. म्हशीचं दूध, मोठी कढई, खालचा जाळ, बाबा कसे हात न थांबवता ढवळत राहतात, दूध पिवळट होऊन कडेनं कसं सुटतं, आणि मग गल्लीभर कसा वास सुटतो. आजोबांनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. हाइनमान बाईंनी हात टेबलावर ठेवले आणि घड्याळ बाहीखाली गेलं ते गेलंच.

नेमका त्याच वेळी पंख्याच्या वाऱ्यानं बर्फाचा डोंगर सुटला आणि रणधीरच्या टोपीवर कोसळला. मागं कणसं आणि कढई उघडी पडली. डोंगराखालून भावकीतले पुरुष एकेक करून बाहेर येईपर्यंत हाइनमान बाई मोठ्यानं हसत होत्या, आणि अर्पिता "आजोबा, हीच ती कढई!" असं बोट दाखवून सांगत होती.

"आता मागलं दार," आत्या म्हणाली. डोंगर पडला म्हणून तिची रीत पडणार नव्हती.

अर्पितानं घाबरत घाबरत विचारलं. हाइनमान बाईंनी काही न बोलता आपलं यंत्र हातात उचललं आणि चालायला लागल्या. लांब बोळ गेला, स्वयंपाकघर गेलं, धुण्याची खोली गेली, आणि एक दार उघडलं. मागं छोटं अंगण होतं. कचऱ्याचे रंगीत डबे ओळीनं उभे होते, आणि पायरीवर दोन मुली कप हातात घेऊन बसल्या होत्या. एक गोरी, एक सावळी. कशावरून तरी खिदळत होत्या. बाईंना बघून त्या उठल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. नुसता हात हलवला आणि परत खिदळायला लागल्या.

शिस्तीच्या सासूसमोर मागल्या दारी हसणारी सून आत्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. बाई खोलीत परत येऊन आजोबांशेजारी बसेस्तोवर ती कशीबशी थांबली, मग गुडघ्यावर थाप मारून ओरडली, "स्थळ पसंत हाय!"

आणि इथंच, अगदी या घडीला, शेजारची शिवगंगा विरजण मागायला खिडकीशी आली होती. तिनं आत डोकावून काय बघितलं? पदर पडलेली, लाजून लाल झालेली अर्पिता. पुढं पेढ्यांचं ताट. पडद्यावर चाकांच्या खुर्चीत एक गोरा म्हातारा, पोरीकडं तोंड करून डोळे मिटून हसणारा. आणि वरून आत्याची पसंतीची आरोळी. शिवगंगेनं विरजणाची वाटी तिथंच खिडकीत ठेवली, घरी गेली, आदल्या दिवशीच दळण आणलेलं असतानाही डबाभर गहू घेतले आणि गिरणी गाठली.

निरोप आला तो तुळशीच्या लग्नाच्या आधी. मुलीला घेतलंय, कागदपत्रांच्या तयारीला लागा. रणधीरनं निरोप दोनदा वाचून घेतला, मग भट्टीवर जाऊन बराच वेळ रिकामी कढई ढवळत बसला. संध्याकाळी त्यानं आत्याला साडी नेसवली, मध्यस्थाची असते तशी, काठापदराची. राजेश्वरीनं फक्त विचारलं, "तिकडं एस.टी. जात न्हाई न्हवं?" आणि डोळे पुसले.

बार्शीला आत्या स्वतः गेली. शब्द घेताना पुढल्या दारानं गेलेली बाई शब्द सोडवायलाही पुढल्या दारानंच गेली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. शंभूच्या आईनं तिला पाणी दिलं आणि घोट घशाखाली उतरायच्या आत विचारलं, "म्हातारा खरंच खुर्चीत हाय व्हय?"

"हाय की," आत्या म्हणाली.

"मग आमचा शंभू काय वाईट होता?"

आत्यानं डावा कान पुढं केला. पण पाहुण्यांचं मन राखायला महिन्याभरात शंभूसाठी तिनं कळंबची एक मुलगी जुळवली. दोघांचं बरं चाललंय आणि ती दोघं एकमेकांशी बोलतातही.

आता तुम्ही म्हणाल, आत्यानं ती आवई खोडून का नाही काढली? ती काय खोडणार! आवई उठल्यापासून तिच्या ओट्यावर गर्दी हटेना. भूमहून एक बाप आला, परंड्याहून एक आई आली, उमरग्याहून ट्रकवाल्या महांतप्पाचा फोन आला. सगळ्यांचं एकच: "आत्या, त्या म्हाताऱ्याला एखादा भाऊ हाय का?" आत्या गंभीर तोंडानं सांगायची, "भाऊ पुष्कळ हैत. अख्खं घर भरलंय. पर ते पोरीशी आधी त्येंच्या भाषेत बोलणार. वर्षभर शिकवा, परीक्षा पास करा, मग पोरीला घेऊन या." आणि लातूरच्या आरोहीचा नंबर द्यायची. ईटमध्ये आज चार पोरी जर्मन शिकतात. त्यातल्या दोघींच्या आज्यांना अजूनही वाटतं, पोरी म्हातारे शोधायला चालल्यात. शिवगंगेची पोरगी त्यातलीच एक.

अर्पिता निघाली त्या दिवशी आत्यानं स्टँडवर तिची ओटी भरली. नारळ विमानात चालतो का यावर झुबेर आणि रणधीर यांची हुज्जत चालू असताना आत्या पोरीला बाजूला घेऊन म्हणाली, "रडू आलं तर मागल्या दारी जाऊन रड. पुढल्या दारी न्हाय. आन् हसू आलं तर कुठंबी हस."

आता त्या आवईतलं खरं काय ते. व्हिडिओवर दिसलेले ब्रुगमान आजोबा जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात राहतात. अर्पिता तिथं आजारी आणि वृद्ध माणसांच्या सेवेचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घेते, आणि त्यासाठी तिला दरमहा विद्यावेतन मिळतं. तिचं लग्न झालेलं नाही.